चार घरांचा पाहुणा

आमच्या थॉर्नविकमध्ये मेलेल्या माणसाची पत एका वाक्यात सांगतात. त्याला हॅमनिशी पुरलं, किंवा नाही पुरलं. हॅमनिशी पुरलं म्हणजे मागं माणसं होती, काळे कोट होते, प्रार्थनेनंतर हॉलमध्ये चहा होता, आणि पावाच्या दोन तुकड्यांत बोटभर जाडीचं हॅम, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस होतं. ते किती जाड कापलं यावर बायका पुढं वर्षभर बोलतात. माझ्या सासूच्या वेळी मी जरा पातळ कापलं म्हणून नणंद अजून ऐकवते. बावीस वर्षं झाली.

मी हिल्डा ओल्ड्रॉइड. मेथडिस्ट चर्चचं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आहे, आणि ताब्यात म्हणजे ताब्यात. पाद्री येतात, पाच-सहा वर्षांनी बदलून जातात. मी आहे तिथंच आहे.

गावात चर्चं चार. अँग्लिकन, कॅथलिक, आमचं आणि साल्व्हेशन आर्मी. माझ्या लहानपणी या चौघांचं एकमेकांशी विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. कॅथलिकांच्या दारावरून जायला नको म्हणून माझी आई भर पावसात रस्ता ओलांडायची. मग मासेमारीच्या बोटी बंद पडल्या, मागोमाग मासळीचा कारखाना गेला, तरणी पोरं शहराकडं गेली, आणि बंदरावरच्या खोल्यांतून एकटे म्हातारे तेवढे उरले. त्यांना जेवू घालायचं तर एका चर्चच्या आवाक्यातलं काम नव्हतं. झक मारत एकत्र आलो, असं मी म्हणते. रोझालिंड म्हणते, पवित्र आत्म्यानं आणलं. असेल बाई.

मंगळवारचं जेवण आमच्या हॉलमध्ये सुरू झालं. आणि दहा वर्षांपूर्वी त्यातूनच दुसरं काम निघालं. जेवायला येणारा एक जण तीन मंगळवार दिसला नाही. चौकशी केली तर कळलं, मेला, आणि नगरपालिकेनं पुरलाही. ज्याला मागंपुढं कोणी नाही त्याला सकाळी नऊला पुरतात, कारण ती वेळ स्वस्त पडते. शवपेटी वाहणारे चौघे आणि दफनभूमीचा राखणदार नॉर्मन, बाकी कुत्रं नव्हतं. त्या दिवशी मी भांडी आपटली. चारी चर्चच्या माणसांना बोलावलं आणि म्हटलं, आपल्या गावात इथून पुढं कोणीही एकटा जमिनीत जाणार नाही. आपल्याला त्याचं नाव माहीत असो वा नसो, तो देव मानत असो वा नसो. आळीपाळीनं एकेका चर्चनं एकेक आठवडा घ्यायचा. पाद्री आणि निदान चार माणसं जायची, गाणं म्हणायचं, आणि नंतर हॅम. सहाच माणसं असली तरी हॅम.

सगळे हो म्हणाले. मी शब्दाला शब्द सांगतेय, कारण हे बोलणारी मीच होते.

आठवड्यांची यादी रोझालिंड करते. रोझालिंड पेव्हरेल, अँग्लिकनांची सचिव, गावच्या शाळेची जुनी मुख्याध्यापिका. तिच्याकडं याद्यांचीसुद्धा यादी असते. यंदापासून ती तारखा घालत नाही, रविवार घालते. पहिला रविवार, दुसरा रविवार. चर्चच्या माणसाला चर्चचं वर्ष कळलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. आता यात एक गंमत आहे. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा पेंटेकॉस्टचा सण गेला की पुढचे रविवार आम्ही मेथडिस्ट त्याच्यापासून मोजत आलो. अँग्लिकन लोक त्याच्या पुढच्या रविवारी ट्रिनिटीचा सण करतात आणि तिथून मोजतात. म्हणजे उन्हाळाभर ते आमच्या एक रविवार मागं. माझे वडील म्हणायचे, "अँग्लिकन स्वर्गातसुद्धा आठवडाभर उशिरानंच पोचणार." आम्ही पोरं खो खो हसायचो. नवा पाद्री आला तेव्हा म्हणाला, हिल्डाबाई, आता तसं कोणी मोजत नाही. मी म्हटलं, मी मोजते.

आता स्प्रॅटचं सांगते.

स्प्रॅट म्हणजे बोटाएवढा मासा. हा माणूसही तसाच होता, हाडांवर कातडं आणि त्यावर टोपी. बोटीवर स्वयंपाकी होता. तीन वर्षं दर मंगळवारी खिडकीजवळच्या त्याच खुर्चीवर बसून त्यानं माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली.

"काय गं हिल्डे, हे सूप आहे की भांडी धुतलेलं पाणी?"

"तुझ्यासाठी वेगळं काढलंय. भांडी धुतलेलंच आहे."

"तरीच चव आहे."

असं चालायचं. मग दुसऱ्यांदा बशी पुढं करायचा. मंगळवारी त्याची कुरकुर ऐकली नाही तर मला जेवण गेल्यासारखं वाटायचं नाही. नवरा गेल्यापासून माझ्याशी भांडणारं दुसरं कोणी राहिलंच नव्हतं.

एकदा मी ख्रिसमससाठी हॅम उकडत होते. तो वासावर आत आला, दारात उभा राहिला, आणि पहिल्यांदाच थट्टा न करता बोलला. त्याची आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. बाप आधीच परागंदा झालेला. प्रेतयात्रेनंतर शेजारणींनी पावाला लोण्याऐवजी स्वस्तातलं मार्जरीन लावून दिलं. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं त्याच्या मागं ओरडत गेली, "मार्जरीन, मार्जरीन."

"मला स्वर्गबिर्ग काही नको," तो म्हणाला. "पण मला हॅमनिशी पुरा. कोणीतरी उभं राहा, कसलं का होईना गाणं म्हणा, आणि नंतर जाड हॅम. एवढं करशील?"

"अरे, मी तुझ्या आधी गेले तर?"

"तू कसली जातेस. यमसुद्धा तुझ्या स्वयंपाकघरात परवानगी काढून येईल."

"बरं, करीन," मी म्हटलं. "बोटभर जाड."

"कोणाच्या बोटाएवढं? तुझ्या की माझ्या?"

"माझ्या रे मेल्या."

त्यानं हात पुढं केला. माझे हात चरबीनं बरबटलेले होते, तरी मी तसाच तो हात धरला. वचन म्हणजे वचन.

ईस्टरनंतर तो यायचा थांबला. दुसऱ्या मंगळवारी मी त्याच्या खोलीवर गेले. खालच्या मजल्यावरची बाई म्हणाली, छातीत पाणी झालं म्हणून गाडीत घालून शहरात नेलं. शहर चाळीस मैल. मी तिथल्या इस्पितळाला फोन लावला.

"पेशंटचं नाव?"

"स्प्रॅट."

"हे आडनाव का?"

"नाही, हे... त्याला स्प्रॅट म्हणतात."

"मॅडम, पूर्ण नाव सांगा. जन्मतारीख सांगा."

तीन वर्षं त्याला वाढलं, त्याला मीठ कमी लागतं ते माहीत, डावा गुडघा दुखतो ते माहीत, आईच्या प्रेतयात्रेत काय खाल्लं ते माहीत, आणि नाव माहीत नाही. एकदा विचारलं होतं मी. "नाव समुद्रात पडलं," म्हणाला. मी हसले आणि सोडून दिलं. खालच्या बाईलाही माहीत नव्हतं, तिच्या पाटीवर खोली नंबर चार एवढंच. फोनवरची मुलगी गोड बोलली, पण नावाशिवाय तीही काय करणार. मी फोन ठेवला. चिवट आहे, येईल परत, असं स्वतःला सांगितलं. दर मंगळवारी खिडकीजवळची खुर्ची मी कोणाला देत नव्हते.

जूनमध्ये रोझालिंडचं पत्र चारी चर्चना आलं, नगरपालिकेनं कळवलं की नेहमी येतं तसं. 'ऑब्री क्लेमेंट लॅझेनबी, वय सदुसष्ट. नातेवाईक सापडले नाहीत. गुरुवारी सकाळी नऊ. ज्यांचा आठवडा असेल त्यांनी कृपया पाहावं.'

मी फ्रिजवरची यादी पाहिली. तिसरा रविवार मेथडिस्ट, चौथा रविवार साल्व्हेशन आर्मी. परवाचा रविवार चौथा झाला होता. म्हणजे आमचा आठवडा होऊन गेला, आणि त्यात कोणी मेलंच नव्हतं. आता पाळी साल्व्हेशनवाल्यांची. त्यांची पाद्री मेजर बेरिल बघून घेईल. तिला एक फोन करावा असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण त्या गुरुवारनंतरच्या रविवारी आमच्या कामाला दहा वर्षं होत होती. चारी चर्च एकत्र जेवणार होती, बिशप येणार होते, दीडशे माणसांचा स्वयंपाक होता. आणि वर मी भांडी पुसणाऱ्या बाईला काय म्हटलं असेल? म्हटलं, "ऑब्री क्लेमेंट! बघ गं नाव. बँकेतला साहेब असणार, चांदीच्या चमच्यानं अंडं खाणारा."

आम्ही दोघी हसलो.

रविवारचं जेवण छान झालं. बिशपांनी भाषण केलं. चार चर्चं, एक टेबल, असं काहीतरी म्हणाले. फोटो काढले. मी हॅमचे दोन तुकडे खाल्ले.

मंगळवारी दुपारी नॉर्मन हॉलमध्ये आला. दफनभूमीचा हा राखणदार कधी चर्चच्या दारात पाय ठेवत नाही. देवाशी त्याचं फाटलंय, कशावरून ते सांगत नाही. तो टोपी हातात घेऊन सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी सूप वाढत होते, समोर रांग होती.

"काय गं हिल्डे, दमलात का तुम्ही लोक?"

"कशानं दमायचं?"

"गुरुवारी कोणी फिरकलं नाही."

"बेरिलचा आठवडा होता. तिला विचार."

"मला आठवडे सांगू नकोस. मी पंधरा मिनिटं माणसं थांबवून धरली. त्यांच्या मुकादमाला म्हटलं, येतात, चर्चवाले येतात, दहा वर्षांत चुकलेले नाहीत. शेवटी पुढच्या प्रेताची साडेनऊची गाडी फाटकात आली, फुलांनी भरलेली, मागं वीस मोटारी. मग काय करतो? मुकादमानंच 'स्वर्गातील पित्या' म्हणायला घेतलं. मध्येच अडकला बिचारा. पुढचं मी सांगितलं."

"तू?"

"मग कोण होतं दुसरं?" तो जवळजवळ ओरडलाच. "बरं, दुसऱ्या कोणाचं असतं तर एक वेळ मी गप्प बसलो असतो. पण स्प्रॅट? इथंच जेवत होता ना तो? तुझंच नाव घ्यायचा येता-जाता."

"कोण स्प्रॅट?"

"कोण म्हणजे? ऑब्री लॅझेनबी. शाळेत माझ्या पुढं एक वर्ष होता. बोटीवर ऑब्री म्हणून घेतलं असतं तर जगू दिलं नसतं, म्हणून नाव कोणाला सांगायचा नाही."

समोरच्या माणसानं बशी धरून ठेवली होती. मी त्याला वाढलं. त्याच्या मागच्यालाही वाढलं. किती जणांना वाढलं आठवत नाही. मग नॉर्मननं माझ्या हातातून डाव काढून घेतला आणि म्हणाला, "बस जरा." मी जाऊन बसले ती नेमकी खिडकीजवळच्या त्या खुर्चीवर.

संध्याकाळी रोझालिंडच्या चर्चमध्ये आम्ही जमलो. मी आत गेले तीच तोंड सोडून.

"बेरिल, तुझी माणसं कुठं मेली होती?"

बेरिल चांगली बाई आहे. ढोल वाजवते, दारुड्यांना घरी पोचवते. ती पांढरीफटक पडली. "अगं हिल्डा, आमच्याकडं हे असले रविवार नसतातच. मी दर वेळी रोझालिंडला विचारते. ती म्हणाली, तुमचा पुढच्या आठवड्यात."

"मग तुमच्या यादीला आग लागो, रोझालिंडबाई!"

रोझालिंडनं यादी टेबलावर ठेवली आणि बोट टेकवलं. "तिसरा रविवार, मेथडिस्ट. ट्रिनिटीनंतरचा तिसरा. आपण बोलतोय तोच आठवडा. हिल्डा, तुम्ही दुसरीकडून तर मोजलं नाहीत ना?"

मी बोटांवर मोजलं. परत मोजलं, आठवडा आमचाच होता. सत्तर वर्षं ज्याच्यावर हसत आले तो एक रविवार होता. अँग्लिकन आठवडाभर उशिरा पोचणार म्हणे.

"मला तारीख घालायला हवी होती," रोझालिंड म्हणाली. तिनं चष्मा काढला होता, आणि चष्म्याशिवाय ती एकदम म्हातारी दिसत होती. "आणि तुम्हाला फोन करायला हवा होता. पण मनात म्हटलं, हिल्डा आहे तिथं, विचारायची गरजच नाही."

हे मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

कॅथलिकांचे फादर मलाकी हळू आवाजात म्हणाले, "दोष आपल्या सगळ्यांचा आहे."

"सगळ्यांचा म्हणजे कोणाचाच नाही, फादर," मी म्हटलं. "दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, आणि याला तर आम्ही चार घरं होतो. पण रविवार मी मोजला. नाव वाचून हसले मी. माझ्या वाट्याचं मला द्या, वाटून घेऊ नका."

मग मी रडले. लोकांसमोर मी रडत नाही, त्या दिवशी रडले. बेरिलनं माझे खांदे धरले आणि मी तिला झिडकारलं नाही.

पुढच्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता चारी चर्चची माणसं त्याच्या मातीवर उभी होती. शंभराच्या वर असतील. साल्व्हेशन आर्मीचा बँड होता. फादर होते, आमचा पाद्री होता, रोझालिंड होती. सगळ्यांनी मिळून समुद्रावरच्या माणसांसाठीचं गाणं म्हटलं. वरातीमागून घोडं कितीही सजवलं तरी त्याच्यावर बसायला नवरदेव नसतो. नॉर्मन लांब झाडाखाली टोपी काढून उभा होता. मागच्या गुरुवारीही तो तसाच उभा असणार.

नंतर हॅम. मी स्वतः कापलं, बोटभर जाड, माझ्या बोटाएवढं. लोक म्हणाले, असं हॅम थॉर्नविकमध्ये कोणाला मिळालं नव्हतं. नणंदेनंसुद्धा नाव ठेवलं नाही. सगळे म्हणाले, हिल्डा, झालं गेलं विसर, शेवटी तू शब्द पाळलास.

मी मान डोलावली. कारण त्यांना अर्धंच माहीत आहे.

त्या पहिल्या गुरुवारी, नऊला दहा कमी असताना, मी चर्चच्या स्वयंपाकघरात होते. रविवारसाठीचं हॅम उकडत ठेवलं होतं, आठ किलोचं. दफनभूमीकडं जाणारा रस्ता आमच्या खिडकीखालूनच चढतो. इंजिनाचा आवाज आला म्हणून वर पाहिलं. काळी गाडी चालली होती, चालत्या माणसाच्या वेगानं. वर एकही फूल नव्हतं, मागं एकही मोटार नव्हती. आमच्याकडं प्रेताची गाडी गेली की हातातलं काम थांबवून उभं राहतात. मी ॲप्रनला हात पुसले, खिडकीशी उभी राहिले, मान खाली घातली. म्हटलं, "अरेरे, मागं कोणीच नाही बिचाऱ्याच्या." मग म्हटलं, बेरिल वर थांबली असेल.

फाटक तिथून पाच मिनिटांवर आहे. ॲप्रन काढून, सावकाश चालत गेले असते तरी पोचले असते. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तोवर मी उभी होते. मग भांड्यातलं पाणी उतू जायला लागलं, आणि हॅम जोरात उकळलं की चिवट होतं, म्हणून मी मागं फिरले आणि गॅस बारीक केला.